जुनी गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

प्रश्न

आमच्या घरची पेट्रोलवर चालणारी गाडी आता चौदा वर्षांची झाली असून तिचे १,४०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. आजवर तिने कधीही वाटेत दगा दिला नाही. मात्र अलीकडे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वारंवार कमी होते, चढावर क्लच सरकतो आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू येते. क्लच, सस्पेन्शन आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) या तिन्ही कामांचा गॅरेजने सांगितलेला अंदाजे खर्च गाडीच्या आजच्या विक्रीमूल्याच्या निम्म्याहून अधिक आहे. एवढा पैसा या गाडीवर घालावा का? घरात वयस्कर माणसे असल्यामुळे गाडीवाचून फार दिवस निभावणार नाही.

उत्तर १

खर्च विक्रीमूल्याच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, हा ठोकताळा सर्रास सांगितला जातो, परंतु मला तो मुळातच चुकीचा वाटतो. चौदा वर्षांच्या गाडीची किंमत इतकी उतरलेली असते की तिच्या तुलनेत कोणतेही मोठे काम महागच दिसणार. पुढची दोन-तीन वर्षे ही गाडी वापरण्यासाठी दरवर्षी किती खर्च येईल आणि दुसरी गाडी घेतल्यास दरवर्षी किती येईल, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्या आकड्यात केवळ कर्जाचा हप्ता धरून भागत नाही. वाढीव विमा, नोंदणीचा खर्च आणि मुख्य म्हणजे घसारा त्यात धरावा लागतो, कारण नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सर्वाधिक वेगाने उतरते. नवा क्लच मात्र नीट वापरल्यास अनेक वर्षे टिकतो, म्हणून त्याचा खर्च एकाच वर्षाच्या नावावर टाकू नये.

आधी खर्च झालेला पैसा या हिशेबात आणू नका. मागच्या वर्षी टायर बदलले म्हणून गाडी ठेवावी, हा युक्तिवाद टिकत नाही. त्या टायरांचे उरलेले आयुष्य तेवढे जमेस धरावे.

उत्तर २

हिशेबाची ही रीत मला मान्य आहे, पण त्याआधी निदान पक्के व्हायला हवे. कूलंट कमी होते म्हणजे हेड गॅस्केटच गेले, असे मुळीच नाही. रेडिएटर, एखादा होजपाइप, वॉटर पंप किंवा कूलंटच्या टाकीचे सैल झालेले झाकण, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि यांतली बहुतेक कामे हेड उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतात. इंजिन थंड असताना हातपंपाने कूलिंग सिस्टीममध्ये दाब भरून तो टिकतो का, हे पाहायला सांगा. त्यानंतर टाकीतील वायूची रासायनिक चाचणी करून घ्या: त्या वायूत ज्वलनाचे वायू मिसळले असतील, तर चाचणीचा निळा द्रव पिवळा पडतो. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर मात्र हेड गॅस्केटची शंका बळावते. हेड उतरवावेच लागले, तर ते वाकले आहे का हे तपासून घ्या आणि टायमिंग बेल्टचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याचा) बदल जवळ आला असल्यास तोही त्याच वेळी उरकून घ्या. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे क्लचचे इतर भागही सोबतच बदलावे, अन्यथा तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

माझ्या दृष्टीने खरा निकाल गंजावर लागतो. गाडी लिफ्टवर घेऊन जॅक लावण्याच्या जागा, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा खालचा सांगाडा) आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसते ते भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायला लावा. पत्रा खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटू लागले, तर इंजिन कितीही चांगले असले तरी या गाडीवर मोठा खर्च करू नका.

उत्तर ३

सुरक्षिततेचाही विचार व्हावा. पुरेशा एअरबॅग आणि गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा तुमच्या गाडीत नसेल, तर ती कोणत्याही दुरुस्तीने मिळणार नाही. बदलायचेच ठरले, तर सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली तीन-चार वर्षे जुनी गाडी पाहा. घसाऱ्याचा मोठा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दाबाची चाचणी आणि गंजाची तपासणी आधी करून घेतो. तोवर क्लचचे काम थांबवले आहे. मधल्या काळात गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर २

अगदी जवळच्या, सपाट रस्त्यावरच्या कामापुरती चालवा आणि निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कारण ॲल्युमिनियमचे हेड अतिउष्णतेने वाकते आणि मग आज टळू शकणारा खर्च खरोखरच अंगावर येतो. गरम इंजिनावर टाकीचे झाकण मात्र कदापि उघडू नका. आतले उकळते कूलंट दाबाने उसळून हात आणि चेहरा भाजतो.