न शिकवता जमतं? कोणाला?

उंटावरचा शहाणा: 'सोपं ॲप म्हणजे आईबाबांना न शिकवता जमतं ते. व्हॉट्सॲप पास, टेलिग्राम-सिग्नल नापास,' हा परवाचा निकाल वाचून राहवेना. न शिकवता? घरोघरी कुणीतरी शिकवलंय, वर्षानुवर्षं, फोनवर ओरडून ओरडून! पहिल्या दिवशी जमतं का, ही परीक्षाच नव्हे. चूक झाल्यावर ॲप किती सांभाळून घेतं ते बघा. मेसेज भलत्या ग्रुपवर गेला, घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं, की तुमच्याकडून गायब आणि बाकीचे वाचतायत. त्यावर 'अन्डू' आलं २०२२च्या शेवटी, तेही पाच सेकंदांचं. पाठवलेलं दुरुस्त करायची सोय २०२३ला, १५ मिनिटांपुरती. टेलिग्राम ४८ तास देतं.

तर्रीबाज: अर्धंच सांगितलंत. टेलिग्रामवर दोघांच्या चॅटमधला कुठलाही मेसेज समोरचा दोन्हीकडून पुसू शकतो, तुम्ही लिहिलेलासुद्धा. घरमालकाने डिपॉझिटचं बोलणं पुसलं तर दाखवणार काय, ठेंगा? आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कुणालाच, कंपनीलाही, वाचता येऊ नये असं कुलूप, हवं तर 'सीक्रेट चॅट' वेगळं उघडा. फारच सोपं!

नाशिकची ताई: ॲप कुठलंही घ्या हो, व्हॉइस मेसेजवाल्यांचं काय करायचं ते आधी सांगा. आमच्या वन्सं अखंड बोलतात आणि पत्ता शेवटच्या वाक्यात.

तर्रीबाज: दीडपट वेगाने ऐका की. दुप्पटही आहे.

नाशिकची ताई: ऐकलं ना! साखरपुड्याला भलत्याच कार्यालयात आहेर घेऊन उभी होते.

बांधावरून: ताई, माझे वडील चौथी शिकलेले. कीबोर्डवर जोडाक्षर शोधेपर्यंत लाइट जाते. माइक दाबून 'मोटर बंद कर' म्हणतात, विषय संपला. भराभर टाइप करणाऱ्यांनी आम्हाला सोपं काय ते शिकवू नये.

नाशिकची ताई: तुमच्या वडिलांबद्दल कोण बोललं? आमच्या वन्सं मराठीत एम.ए. आहेत!

बांधावरून: मग त्यांचं ऐकत जा, शुद्ध तरी असेल.

नाशिकची ताई: हे अति होतंय हं.

उंटावरचा शहाणा: विषय काय, चाललंय काय! बांधावरून, वडिलांना माइक कुणी दाखवला?

बांधावरून: मीच. एकदा. त्याला शिकवणं म्हणत असाल तर जिंकलात, फेटा बांधतो.

तर्रीबाज: डिपॉझिटवर अजून उत्तर नाही, हे नोंदवून ठेवतो.

उंटावरचा शहाणा: बरोबर आहे तुमचं, घ्या. भाडेकरार सोडून चॅटवर विसंबणाऱ्यांसाठी फारच मोलाचा मुद्दा.