आजीच्या आवडीचे अभंग: पट्टी कोणती धरावी?

परळकर: आषाढीला चाळीत आजीच्या आवडीचे अभंग म्हणायचे आहेत. बायका-पुरुष एकत्र. पट्टी कोणती? पावसात पखवाज उतरतो, त्याला काय करावं?

पेटीवाला: पट्टी म्हणजे पेटीचा कोणता सूर ‘सा’ धरायचा ते. पुरुषांना काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), बायकांना काळी चार किंवा पाच सोयीची. सगळ्यांसाठी मधली पट्टी धरलीत तर तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) पुरुष ओरडतात आणि खर्जात (खालच्या सुरांत) बायकांचा आवाज बसतो. त्यापेक्षा अभंग वाटून घ्या. पुरुषांचे काळी एकमध्ये, बायकांचे सोयीपेक्षा थोडं खाली, काळी तीनमध्ये. काळी एक हा काळी तीनचा पंचम (‘प’), म्हणून पखवाज पुन्हा लावावा लागत नाही. गजर (नामघोष) मात्र सगळ्यांनी मिळून, मंद्र-मध्य म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकातच.

मृदंगी: दमट हवेत चामडं ओलावा धरून सैल पडतं, स्वर खाली येतो. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने हलके धुम्याकडे, म्हणजे डाव्या तोंडाकडे सरकवा. एक ठोकला की समोरचा, नाहीतर पुडी (तोंडावरचं चामडं) एका बाजूला ओढली जाते आणि चाटेवर (पुडीच्या कडेवर) दोन स्वर ऐकू येतात. विस्तवाजवळ अजिबात धरू नका, शाई (पुडीवरचा काळा लेप) तडकते. भजनाला बसायच्या आधी पाच-दहा मिनिटं धुम्याला कणीक लावा. बिनमिठाची, पोळीपेक्षा किंचित सैल. घट्ट असेल तर गजरात सुटून पडते, फार पातळ असेल तर घुमारा जातो. भजन संपलं की लगेच काढा, पुडी कुजते.

टाळकरी: सुरुवात ‘जय जय राम कृष्ण हरी’ने, मग रूपाचे (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारे) अभंग. आजीचा सगळ्यात लाडका अभंग गौळणीच्या (कृष्ण-गोपींच्या गाण्याच्या) आधी घ्या, तोवर गळे तापलेले असतात. लय वाढवायची ती टाळकऱ्यांनी नव्हे, पखवाजाने.