‘अतिवेग’ लिहिलं की तपास संपला?
२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगामुळे, म्हणजे दोष चालकांचाच, असं नेहमी म्हटलं जातं. मला नाही पटत. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात, आणि तिथे शोध असतो तो गुन्हा कुणाचा याचा. गाडी रेलिंगवर आदळली, त्याचं उघडं टोक पत्रा फाडून आत घुसलं, तरी नोंद होते वेगाची, टोकाची क्वचितच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातांच्या जागी जाऊन अभ्यास झाला, अशा जागा दुरुस्त केल्या, तेव्हा मृत्यू घटले.

अपघाताने होणाऱ्या नुकसानीच्या हिशोबाचंही तेच. मोटार अपघातांचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण मृताचं वय आणि उत्पन्न धरून भरपाई ठरवतं. बाप गेल्यावर कॉलेज सोडून कामाला लागलेल्या मुलीचं नुकसान त्या हिशोबात येतच नाही.