ए विंग ग्रुप: गच्चीवरची कोथिंबीर

देशपांडे काकू ३०२: सर्वांना नमस्कार. निळ्या ड्रममधली कोथिंबीर काल संध्याकाळनंतर कोणीतरी मुळासकट उपटून नेली. एक काडी ठेवलेली नाही. नेली त्याने निदान सांगावं.

गोखले काका १०१: मंडईत जुडीला जुडी फुकट मिळते हो वहिनी. चोर फारच आळशी दिसतोय 😄

देशपांडे काकू ३०२: गोखले, विनोद नको. ती खायची नव्हती, धण्यासाठी सोडली होती. सासूबाईंचं जुन्नरचं गावठी बी आहे, दरवर्षी धरते. पान इवलंसं, पण वाटणात दोन काड्या टाकल्या तरी जिन्यात वास येतो. आत्ता कुठे कळ्या दिसायला लागल्या होत्या.

मनीषा ५०१: अरेरे काकू. वॉचमनला विचारलंत?

देशपांडे काकू ३०२: विचारलं. तो म्हणतो, मी वर गेलोच नाही. गच्चीची दुसरी चावी कोणाकडे असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो ड्रम कोणाच्या डोळ्यांत दोन वर्षं खुपतोय तेही.

पटवर्धन ७०२: रोख माझ्याकडे असेल तर नाव घेऊन लिहावं. मी काल वर गेलो होतो. पावसाळी पाइपची जाळी साफ करायला. ती तुमच्याच पाचोळ्याने तुंबते. कोथिंबिरीला हात लावलेला नाही, आमच्याकडे ऑनलाइन येते.

पटवर्धन ७०२: विषय निघालाच आहे तर पुन्हा लिहितो. माझ्या बेडरूमच्या छताला ओल आहे, बरोबर त्या ड्रमखाली. आडव्या कापलेल्या ड्रममध्ये १०० लिटर माती बसते. भिजली की दीडशे किलो. जागा व्यापते अर्धा चौरस मीटर. वापरातल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून करतात, इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग २ बघावा. गणित ज्याचं त्याने करावं.

मनीषा ५०१: काका, त्यात अर्धं कोकोपीट आहे. हलकं असतं.

पटवर्धन ७०२: कोरडं असताना. पाणी घालून मग उचलून दाखव.

सेक्रेटरी शिंदे: कृपया वैयक्तिक आरोप टाळावेत. होळीची वर्गणी अजून ११ फ्लॅटची बाकी आहे 🙏

शेख वहिनी ४०३: मनीषा, तू वर जाशील तेव्हा माझी मिरची बघशील का? पानं सगळी आकसून गेलीत.

मनीषा ५०१: पानं वर वळलीत की खाली, वहिनी?

शेख वहिनी ४०३: वर. होडीसारखी.

मनीषा ५०१: मग फुलकिडे. खाली वळली तर बहुतेक कोळी कीड असते. लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, नीट ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने परत. भर उन्हात मारू नका, पानं भाजतात.

गोखले काका १०१: आमच्या गावी आंबट ताक मारायचे. बोकड्या, म्हणजे हा पानं आकसायचा रोग, पळायचा आणि ताकही संपायचं.

कदम ६०१: आमच्या दुधीला फुलं ढीगभर, पण दुधी बोटाएवढा होतो नि पिवळा पडून गळतो. खत कमी पडतंय का?

मनीषा ५०१: खत नाही, परागीभवन होत नाहीये. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा वर मधमाशी नसते. ज्या फुलाच्या मागे बारका दुधी असतो ती मादी. साध्या दांड्याचा नर तोडून, पाकळ्या काढून मादीवर हलकेच फिरवा. सातच्या सुमारास.

गोखले काका १०१: सेक्रेटरीसाहेब, आता गच्चीवर लग्नंही लागणार. हॉलचं भाडं घ्या 😄

सेक्रेटरी शिंदे: आठवण: टँकरचं पाणी झाडांना घालू नये. मागच्या आठवड्यात दोन टँकर आले. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वापरावं.

कदम ६०१: आणि गाड्या कोणत्या पाण्याने धुतात साहेब? बेसमेंटमध्ये पाइप लावून?

सेक्रेटरी शिंदे: तो विषय मीटिंगमध्ये घेऊ.

कदम ६०१: तीन मीटिंगा झाल्या.

पटवर्धन ७०२: माझ्या बेडरूमच्या छताला ओल आहे, बरोबर त्या ड्रमखाली.

शेख वहिनी ४०३: पटवर्धन भाऊजी, तो कोबाच वीस वर्षांचा आहे. आमच्या वर कुठली कुंडी नाही, तरी बाथरूम गळतंय.

पटवर्धन ७०२: तुमच्या वर ५०३ चं बाथरूम आहे. तो वेगळा विषय आहे.

देशपांडे काकू ३०२: कोथिंबिरीचा विषय राहिला बाजूला.

रोहित ६०३: नमस्कार, मी ६०३ मध्ये नवीन भाडेकरू. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. शेपूला धण्यासारखा वास येतो का?

गोखले काका १०१: 😳

रोहित ६०३: काल गच्चीवरून आणली, मूगडाळ घालून केली. चव शेपूची लागेना. काड्याही चिवट होत्या.

देशपांडे काकू ३०२: निळ्या ड्रममधली?

रोहित ६०३: हो काकू. पानं बारीक, केसांसारखी होती. काका म्हणाले, शेपू लागेल तेवढी घेऊन जा, उन्हाने वाळायचीच आहे.

देशपांडे काकू ३०२: कुठले काका?

रोहित ६०३: तुमचेच.

मनीषा ५०१: ऊन तापलं की कोथिंबीर फुलावर येते आणि वरची पानं अशीच बारीक होतात. त्याचा दोष नाही हो, लांबून शेपूच वाटते.

देशपांडे काका ३०२: मी पलीकडच्या ट्रेमधल्या शेपूबद्दल म्हटलं होतं.

देशपांडे काकू ३०२: त्या ट्रेमध्ये बडीशेप आहे.

देशपांडे काका ३०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

गोखले काका १०१: काका, आज जेवायला खाली या. घरी शेपूच असणार.

रोहित ६०३: सॉरी काकू, खरंच माहीत नव्हतं. मुळं अजून ओल्या कचऱ्यात आहेत, परत लावली तर येतील?

मनीषा ५०१: नाही रे.

पटवर्धन ७०२: सकाळी ९:१२ च्या मेसेजबद्दल कोणी काही बोलणार आहे का?

देशपांडे काकू ३०२: मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं भाऊजी.

पटवर्धन ७०२: वा.

शेख वहिनी ४०३: काकू, दिवाळीत तुम्ही मला मूठभर धणे दिले होते. मी थोडेच पेरले. बाकीचे डबीत आहेत.

देशपांडे काकू ३०२: कुठल्या डबीत? मसाल्याच्या? भाजले तर नाहीत ना?

शेख वहिनी ४०३: नाही हो, तुमच्याच कागदात, पुडी पण सोडलेली नाही. रात्री पाठवते.

देशपांडे काकू ३०२: पाठवू नका, मीच येते. रोहित, तूही ये. धणा पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडून दोन दळं करायची असतात, शिकून घे. पण आत्ता पेरायचे नाहीत. आता पेरले तर चार पानं येऊन परत फुलावर जातील. गणपतीनंतर बघू.

रोहित ६०३: हो काकू, येतो.

कदम ६०१: म्हणजे ड्रम तोवर रिकामा? मी भेंडी लावू का त्यात?

पटवर्धन ७०२: नाही. रिकामा आहे तोवरच हलवायचा. उद्या सकाळी ७ ला दोन माणसं पाठवतो. खाली तुळई आहे त्या कडेला, विटांवर ठेवू, खालून हवा खेळेल.

देशपांडे काकू ३०२: ८ ला पाठवा. ड्रमच्या कडेला पुदिना आहे, तो मी आधी माझ्या हाताने काढून घेणार.

सेक्रेटरी शिंदे: होळीची वर्गणी आता १० फ्लॅट बाकी. धन्यवाद ६०३ 🙏