आईचे गुडघे: झीज वाढू नये म्हणून काय सांभाळू?

मृणाल_सातारा:
आई ६३ वर्षांची, वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक. उभं राहून काढलेला एक्स-रे बघून डॉक्टर 'ग्रेड २' म्हणाले, म्हणजे झीज अजून सौम्य आहे. शेजारच्या काकू म्हणतात, वंगण संपलंय, चालशील तेवढं झिजेल. झालं, तिचं संध्याकाळचं फिरणं बंद. पाटावर बसून कपडे धुणं मात्र चालूच! ऑपरेशनपर्यंत जायला नको म्हणून काय करू?

नानू७१:
काकूंना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. आमच्या हिनेही असंच फिरणं सोडलं होतं. सहा महिन्यांत मांड्या सुटल्या, जिना चढवेना. सपाट रस्त्यावर, सोसेल तेवढं चालू द्या. उकिडवं बसणं, मांडी घालणं तेवढं टाळा.

फिजिओताई:
नानूकाकांशी सहमत. मांडीचा पुढचा स्नायूच गुडघा सांभाळतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजायचे, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.
वजनाचं तर ऐकाच. १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. दिवसाची पावलं मोजा म्हणजे कळेल.
आणखी दोन गोष्टी बघा. घोटे जुळवून उभं केल्यावर गुडघ्यांमध्ये फट राहते का? पाय असे बाहेर वाकलेले असले की सगळा भार आतल्या बाजूवर येतो आणि तिथली झीज लवकर पुढे सरकते. दुसरं, गुडघ्याला जुना मार?

मृणाल_सातारा:
फट आहे हो, चांगली तीन बोटं! २०११ मध्ये स्कूटरवरून पडली होती, डावा गुडघा. आता दुखतोय तोही डावाच. ओळखीचे एक जण दर तीन महिन्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतात, लगेच बरं वाटतं म्हणे. घ्यावं का?

फिजिओताई:
सूज खूप असताना डॉक्टरांनी एखादं दिलं तर गोष्ट वेगळी. पण वारी लावू नका. २०१७ मध्ये एक अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली: दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं स्टिरॉइड. साध्या सलाइनचं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) जास्त झिजली, आणि दुखणं काही त्यांच्याहून कमी नव्हतं. डावा दुखतोय तर काठी उजव्या हातात द्या, बहुतेक जण उलटी धरतात.

मृणाल_सातारा:
उंच स्टूल आणलंय. आई म्हणते, स्टुलावर बसून धुतलेले कपडे निघतात तरी का? फिरायला मात्र आज गेली, काकूंनाच सोबत घेऊन.