‘युटोपियन स्टडीज’ला लेख पाठवायचाय: आजोबांची वही आणि ‘लेखकाची ओळख दिसू नये’ ही अट

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. औंध संस्थानावरचा एक लेख पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसच्या ‘युटोपियन स्टडीज’ या, युटोपिया म्हणजे आदर्श समाजाच्या कल्पनांवरच्या, नियतकालिकाला पाठवायचा आहे. त्यांच्या सूचना तीनदा वाचल्या, तरी काही ठिकाणी अडले आहे.

विषय असा. १९३९ साली औंधचे (साताऱ्याकडचं, पुण्यातलं नव्हे) राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याचं मंडळ, तिथून पुढे विधिमंडळ. मसुद्यात गांधीजींनी स्वतः लक्ष घातलं होतं. अवघ्या ७२ गावांचं संस्थान, तेही औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असं विखुरलेलं. आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. शिक्षा झालेले कैदी तिथे बायकामुलांसह राहायचे, शेती करायचे. भोवती भिंत नाही.

माझे आजोबा आटपाडीला गोदामावर कारकून होते. त्यांची वही माझ्याकडे आहे. बियाणं कोणी किती नेलं त्याच्या नोंदी, प्रत्येकीपुढे अंगठा. एका कैद्याच्या नावापुढे आषाढापर्यंत अंगठा आहे आणि कार्तिकात त्याच जागी सही. अक्षरं वाकडी, शेवटचं तर ओळीखाली घसरलंय. मी ते पान कितीदा उघडलं असेल, मोजलं नाही.

आता अडचणी. परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये अशी अट आहे आणि माझ्या लेखात ‘माझे आजोबा’ ११ ठिकाणी आलेत. ते काढले तर वही कुठून आली हे कसं सांगू? लेख १४ हजार शब्दांचा झालाय. आणि सगळ्यात मोठी धास्ती: युटोपिया म्हणजे कुठेच नसलेली जागा, औंध तर नकाशावर होतं. आधी दुसऱ्या एका नियतकालिकाला पाठवला होता, त्यांनी चार दिवसांत ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून परत केला. परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. एक सहकारी म्हणतात, पैसे भरले की आठ दिवसांत छापून मिळतं, तिकडे पाठवा. काय करू?

खडूफळा

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तिकडे अजिबात पाठवू नका. आठ दिवसांत कोणी लेख वाचत नाही, फक्त पावती फाडतात. आणि तिथे एकदा छापून आलं की तोच लेख दुसरीकडे देता येत नाही, वही वाया गेली समजा. पीएचडीसाठी छापील लेख हवाच ही यूजीसीची सक्ती २०२२ सालीच गेली, त्यांची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. मग घाई कोणासाठी?

एकाच वेळी दोन ठिकाणीही पाठवू नका. एकाचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, मग सहा महिने जावोत.

तळटीप

मॅडम, मी अशा नियतकालिकांसाठी परीक्षणं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओळख लपवणं अवघड नाही. लेखात ‘आटपाडी गोदामाच्या कारकुनाची वही, खाजगी संग्रह’ एवढंच लिहा. नाव, कॉलेज, आभार हे सगळं वेगळ्या पानावर, वेगळ्या फाईलमध्ये. लेख स्वीकारला गेला की आजोबा परत आणता येतात, आणि आणाच. संपादकांना मात्र सोबतच्या पत्रात नातं आत्ताच कळवा, तो प्रामाणिकपणाचा भाग आहे. वर्डच्या फाईलमध्ये प्रॉपर्टीजखाली तुमचं नाव राहतं, तेही पुसा. माझ्याकडे आलेल्या कित्येक लेखांत लेखक तिथेच सापडतो.

कैद्यांची खरी नावं मात्र छापू नका. त्यांची नातवंडं आज त्याच भागात असतील. ही अट कोणत्या सूचनेत असो वा नसो, आपण पाळायची.

आता कक्षेचा मुद्दा, कारण लेख तिथेच परत येतात. युटोपिया म्हणजे फक्त कल्पनेतलं बेट नव्हे. थॉमस मोरने १५१६ साली शब्द घडवला तेव्हाच त्यात ‘कुठेच नाही’ आणि ‘चांगली जागा’ असा दुहेरी अर्थ ठेवला. युटोपियाचे अभ्यासक लायमन टॉवर सार्जंट यांनी १९९४ साली याच नियतकालिकात युटोपियाची तीन रूपं मांडली: साहित्य, सामाजिक विचार आणि माणसांनी प्रत्यक्ष वसवलेल्या वस्त्या. स्वतंत्रपूर तिसऱ्यात येतं. पण सार्जंट यांच्या व्याख्येत अशी वस्ती म्हणजे एकाहून अधिक कुटुंबांतली पाच किंवा जास्त प्रौढ माणसं, जी सामायिक मूल्यांसाठी किंवा सर्वांनी मिळून ठरवलेल्या हेतूसाठी एकत्र राहायचं *स्वतः ठरवतात*. तुमचे कैदी न्यायालयाच्या शिक्षेने आले होते. त्यांनी काय ठरवलं? आणि भिंत नसताना न पळण्याचं रोज सकाळी ठरवलं असेल, तर ते ठरवणं धरायचं की नाही?

हाच तुमचा लेख आहे. औंधची राज्यघटना दोन पानांत आटपा. इंदिरा रोदरमुंड यांनी १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिलंय, त्याचा उल्लेख नसला तर परीक्षक पहिलं तेच विचारतील. बाळासाहेबांचे सूर्यनमस्कार, चित्रसंग्रह, कुंडलचं प्रतिसरकार हे सगळं काढा. मला ठाऊक आहे, जिवावर येतं. पण १४ हजारांचे ८-९ हजार तिथेच होतील.

मराठी शब्दांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. वहीतलं अवतरण इंग्रजीत द्या आणि मूळ मराठी रोमन लिपीत टिपेत ठेवा. टिपा शिकागो पद्धतीने. ‘पंचायत’, ‘संस्थान’ असे शब्द पहिल्यांदा येतील तिथेच एका वाक्यात समजावा, शेवटी शब्दसूची नको. त्या पानाचा फोटो ३०० डीपीआयने स्कॅन करा. अंगठा आणि सही शेजारी शेजारी दिसली पाहिजेत, नाव झाकून.

माणदेशी_लेक

तळटीपताई, काल रात्री दोनपर्यंत बसले. ११ पैकी ९ ‘आजोबा’ सहज गेले. दोन राहिलेत, कारण आजोबा आईला जे सांगायचे ते तिथे आहे, वहीत नाही. त्या माणसाने सही शिकल्यावर आजोबांचा टाक मागून घेतला होता. हे तोंडी आहे, आईकडून मला आलेलं. ‘कारकुनाच्या कुटुंबातील आठवण’ असं लिहिलं तर चालेल का?

तळटीप

चालेल. ‘कारकुनाच्या मुलीची मुलाखत’ म्हणा, तारीख घाला. आईंची मुलाखत अजून रीतसर घेतली नसेल तर या रविवारी घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि छापायला हरकत नाही एवढं त्यांच्याच आवाजात घ्या.

माणदेशी_लेक

आई ८१ वर्षांची आहे. रविवारपर्यंत थांबत नाही, आजच संध्याकाळी बसते.