चैत्र-वैशाखाचं गणित: कुरडया, मुंज, मालवण आणि अधिक महिना कसे बसवावेत?

चैत्रपालवी

नमस्कार. मार्च ते मेच्या तारखा बसवताना मदत हवी आहे. पुण्यात सहा जणांचं घर: सासरे ७६, सासूबाई ७०, आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा चारचा. पाडवा १९ मार्चला. मुलीची परीक्षा २३ एप्रिलला संपते, २९ एप्रिलला दिरांच्या मुलाची मुंज, पाहुणे आमच्याकडेच उतरणार. दोन किलो गव्हाच्या कुरडया घरीच घालायच्या आहेत. मेमध्ये आठवडाभर मालवण. आणि १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. नणंदेच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणजे जावयांना वाण आणि जेवण आलंच.

मालवणला कधी जावं? रेल्वेने की गाडीने? मुलीला घाटात मळमळतं. कुरडया कोणत्या आठवड्यात घालू? अनारशांचं पीठ निघण्याआधी करून ठेवलं तर टिकेल का? येताना आंबेही आणायचे आहेत.

दुसरा रूळ

तुमच्या यादीत मालवण शेवटी आलंय, पण तारीख सगळ्यात आधी त्याचीच ठरवायला हवी. परीक्षा आणि मुंज ठरलेल्या आहेत, कुरडया चार दिवस इकडे-तिकडे चालतात. रेल्वेचं तिकीट मात्र प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला खुलतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. तो हिशेब अजून डोक्यात असेल तर काढून टाका.

९ मेच्या रात्री निघून १६ मेला परत या. अधिकात लग्नं-मुंजी होत नाहीत, त्यामुळे सगळे मुहूर्त १७ मेच्या आत दाटलेत आणि गाड्यांना गर्दी असणार, हे खरं. तरी पुढे ढकलू नका. मे संपत आला की समुद्र खवळायला लागतो, मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि तारकर्लीचे पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. किल्ला न बघता मुलांना मालवणहून परत आणणं बरं नाही.

पुण्याहून सोयीचं म्हणजे रस्त्याने पनवेल आणि तिथून रात्रीची गाडी कुडाळपर्यंत. इथे तारखेचा घोळ हमखास होतो. कोकणकन्या मुंबईहून ९ मेला रात्री सुटते, पण पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. त्यामुळे पनवेलहून तिकीट काढताना तारीख १० मे टाकायची. पण ६० दिवस मोजले जातात ते गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून. म्हणजे हे तिकीट १० मार्चला खुलेल, ११ ला नाही. तुतारी दादरहूनच मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून त्याच रात्रीच्या तुतारीचं तिकीट ११ मार्चला खुलेल. कोकणकन्या हुकली तर दुसऱ्या सकाळी ही दुसरी संधी आहे. परतीचं, १६ मेच्या दिवसाच्या मांडवीचं, १७ मार्चला खुलेल. पाडव्याच्या दोन दिवस आधीची ती सकाळ मोकळी ठेवा.

आयआरसीटीसीचं खातं आजच आधारने पडताळून घ्या. त्याशिवाय बुकिंग खुलतं त्या सकाळी आठला ऑनलाइन तिकीट निघत नाही. सगळ्यांची नावं आणि वयं मास्टर लिस्टमध्ये आधी भरून ठेवा. आठ वाजता नावं टाइप करत बसलात तर जागा गेल्या.

आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. हे महत्त्वाचं. ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ पासून आहे, पण त्या तिकिटावर असे एक किंवा दोघंच प्रवासी असावे लागतात. तुम्हा सगळ्यांना एकाच तिकिटावर घातलं तर हा कोटा लागू होत नाही आणि ७६ वर्षांच्या माणसाला मधला बर्थ येऊ शकतो. डबा वेगळा आला तरी चालेल, बसल्यावर बदलता येतो, पण खालचा बर्थ हातचा जाऊ देऊ नका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून बजेट करू नका.

मुलाला पाच पूर्ण नाहीत, त्यामुळे स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीटच नको. मुलीला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. बर्थ नको असं नोंदवलं तर अर्धं, पण रात्रीच्या प्रवासात ११ वर्षांच्या मुलीला बर्थ घ्याच.

कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर. एसटीत आजोबांना ७५ च्या वर असल्याने राज्यात मोफत, आजींना आणि तुम्हाला निम्मं भाडं. आजी-आजोबांची मूळ आधार कार्डं सामानात खोल ठेवू नका, कंडक्टरला दाखवावी लागतात.

उन्हातलं वाळवण

कुरडयांचा मुहूर्त मी २९ मार्च, रविवार सुचवेन. पाडवा आणि रामनवमी दोन्ही उरकलेली असतात, ऊन कडक असतं आणि वळवाचे ढग सहसा अजून आलेले नसतात. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि अर्धवट वाळलेली कुरडई आत घ्यावी लागते. तिला मग वास येतो. शिवाय तेव्हा तुमच्याकडे परीक्षा आणि पाहुणे.

उलटं मोजत या. रविवारी पहाटे शिजवायचं, तर शनिवारी संध्याकाळी चीक काढलेला हवा, म्हणून गहू बुधवारी २५ तारखेला संध्याकाळी भिजत घाला. लोकवन जातीचा गहू चालतो. रोज पाणी बदलायचं, यात कसूर नको. एक दिवस राहिलं तरी आंबटपणा वाढतो आणि कुरडई तळल्यावर लालसर दिसते. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरा चीक सुटला पाहिजे.

शनिवारी मिक्सरमधून भरपूर पाण्यात वाटा, आधी चाळणीने आणि मग पातळ कापडाने गाळा. चोथा दोनदा तरी पाण्यात कुसकरून पुन्हा पिळा, बराच चीक त्यातच अडकतो. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, टाकू नका. चीक रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून द्या, खाली घट्ट पांढरा थर राहतो.

प्रमाण: जितक्या वाट्या घट्ट चीक, तितक्याच वाट्या पाणी. चीक सैल असेल तर पाणी थोडं कमी. पाण्यात हिंग आणि मीठ घालून खळखळून उकळी आणा. मीठ चवीला जरा कमीच वाटलं पाहिजे, वाळल्यावर खारटपणा वाढतो. चीक तळापासून ढवळून, बारीक धारेने ओतत जा आणि दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने हलवत राहा. धार जाड झाली की गुठळ्या झाल्याच. मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफा आणा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की शिजलं.

एका वेळी चार वाट्यांच्या वर चीक शिजवू नका. पीठ गरम असतानाच सोऱ्यातून घालावं लागतं, निवलं की तार तुटते. एक जण सोऱ्या भरणार, एक घालणार, असे दोघं हवेतच. तार तुटत असेल तर पीठ एकतर निवलंय किंवा कच्चं आहे. तळताना फुलली नाही तर तेच कच्चेपण, किंवा आत ओल राहिलीय. तीन उन्हं द्या, दुसऱ्या दिवशी उलटा. १ एप्रिलला डब्यात जातील.

अनारशांबद्दल: हो, पीठ आधी करून ठेवणंच चांगलं, मुरल्याशिवाय अनारशाला जाळी पडत नाही. जुने तांदूळ १ मेच्या संध्याकाळी भिजत घाला, तीन दिवस रोज पाणी बदला, ४ तारखेला निथळून कापडावर सावलीत पसरा. हाताला ओलसर लागतील इतपतच सुकवायचे. बारीक दळून चाळा. अर्धा किलो तांदळाला पावणेचारशे ते चारशे ग्रॅम चिरलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळे करून डब्यात. ९ ला निघताना डबा फ्रीजमध्ये ठेवा. तळायच्या दिवशी दोन तास आधी बाहेर काढा.

आधी एकच अनारसा तळून बघा. तुपात हसला, म्हणजे पसरून फुटला, तर गूळ किंवा ओल जास्त आहे. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा. कडक झाला तर कुस्करलेल्या पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा मळून घ्या. खसखस लावलेली बाजू वर, तूप मंद, उलटायचा नाही. अर्धा किलोत वाणाचे ३३ लहान अनारसे होऊन घरच्यांना थोडे उरतात. वाणाला महिनाभरात कोणताही दिवस चालतो, तेव्हा १६ ला परतून १७ ला घाई नको. २४ मेचा रविवार धरा.

घाटवाट

तुमच्यासाठी रेल्वेच बरोबर आहे, पण तिकीट नाहीच मिळालं तर रस्त्याचं सांगून ठेवतो. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, मालवण. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात चार वर्षांच्या मुलाला आणि आजोबांना घेऊन जाऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा आणि घाट सकाळी उतरा.

मळमळीसाठी: रिकाम्या पोटी बसवू नका, पण दूध आणि तेलकटही नको. कोरडी पोळी, लाह्या, भाजलेले फुटाणे चालतात. तिला मधल्या ओळीत समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, घाटात मोबाइल आणि पुस्तक बंद. उलटीची गोळी मुलांच्या डॉक्टरांना मात्रा विचारून घाट सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटून पडते.

उतारावर गिअर खालचा ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवून सहा माणसं आणि सामान उतरवलं तर ब्रेक तापून पकड सोडतात. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना त्यातली हवा तपासा. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो आणि तो एरवीपेक्षा जास्त असतो.

मालवणात मेमध्ये तापमान पुण्यापेक्षा कमी दिसतं, पण घाम वाळत नाही, आणि थकवा त्यानेच येतो. किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा, अकराच्या आत परत या. बुरूज चढणं आजोबांना जमलं नाही तर शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पायऱ्या न चढता बघता येतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पेल्यात ढवळून देऊ नका.

आंबेअढी

परतीच्या गाडीला पिकलेले आंबे घेऊ नका. पनवेलपर्यंत दिवसभर आणि पुढे पुण्यापर्यंत रस्ता, खालचा थर दबतोच. तयार पण कडक फळ घ्या: देठाजवळचे खांदे वर आलेले, देठाशी किंचित खळगा, हाताला जड. देठ सेंटीमीटरभर ठेवलेला असावा. मुळापासून तुटलेल्या फळाचा चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडून कूज सुरू होते.

पाव किलोचं फळ धरलं तर डझनाचे तीन किलो. पाच डझनांची पेटी पंधरा किलोंच्या वर जाते. आजी-आजोबा, लहान मूल आणि गाडी बदलणं बघता चार डझन पुरे, आणि तेही दोन-दोन डझनांच्या दोन खोक्यांत. घरी आल्यावर गवतावर एकेरी थर, देठ खाली, वरून पुन्हा गवत. एक दिवसाआड हात फिरवून पिकलेले वेगळे काढा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर तो नंतर नीट पिकत नाही, साल सुरकुतते आणि गोडी येत नाही.

साका, म्हणजे आतल्या गरातला दोष, मात्र बाहेरून ओळखता येत नाही, कितीही जाणकार विक्रेता असला तरी. झाडाखालच्या तापलेल्या जमिनीच्या उष्णतेने गर आतून पांढरट, आंबट होतो आणि मेमधल्या फळात तो जास्त आढळतो. वाणाच्या दिवशी आमरस करणार असाल तर दहा फळांमागे दोन जास्त धरा. प्रत्येक फळ कापून बघा आणि मगच भांड्यात पिळा.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. १०, ११ आणि १७ मार्च कॅलेंडरवर लाल केले, आधारचं काम आज होईल. एकच शंका: पनवेलहून वेटिंग आलं तर?

दुसरा रूळ

लगेच त्याच गाडीचं मुंबईपासूनचं बघा, तारीख ९ मे टाकून. मूळ स्टेशनपासूनच्या कोट्यात जागा जास्त असतात आणि भाड्यात फरक थोडा पडतो. मिळालं तर बोर्डिंग पॉइंट पनवेल करून घ्या, किमान एक दिवस आधी. बदल केला नाही आणि मुंबईला चढलात नाही, तर तपासनीस बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. बदल केल्यावर मग मुंबईहून चढता येत नाही, तेवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. हे आजी-आजोबांच्या वेगळ्या तिकिटालाही करायचं आहे, तेच बहुतेक विसरतात.